उधारीची चौकट

मी एक जुनी लाकडी चौकट आहे. मित्रांनो, तुम्ही रोज माझ्या बहिणींमधून आत-बाहेर करता, उंबरठ्यावर बसून शेंगा सोलता आणि आई ओरडली की उठता. माझ्या उंबरठ्यावरून कोणाला उठवावं लागलं नाही. मला भिंतीच मिळाल्या नाहीत, मग बसणार कोण?

हिंगणघाटच्या बंडूजी सुताराने मला घडवलं. साल ब्याऐंशी. रंधा मारता मारता तो माझ्याशी बोलायचा आणि गिऱ्हाईक आलं की त्याच्याशी दुप्पट बोलायचा. माणूस सोन्याचा, पण जिभेला कडी-कोयंडा बसवायचा राहून गेलेला.

मला घेतलं रूपराव आणि नलू या जोडप्याने. रूपराव जिनिंगमध्ये फिटर. मला घेण्याच्या बऱ्याच आधी दोघांनी सायकल आणि शिलाई मशीन हप्त्याने घेतली होती. आता गंमत बघा, जिनिंग चालते कापसाच्या हंगामात आणि हप्ता चालतो बारा महिने. एवढी साधी गोष्ट देणाऱ्याने पाहिली नाही आणि घेणाऱ्यानेही. पावसाळ्यात मशिनी थांबल्या, सायकलचे हप्ते थकले. नलूची शिलाई मशीन तर दुकानदार घरातून उचलून घेऊन गेला, अर्धी शिवलेली चोळी सुईखाली तशीच. पतसंस्थेच्या फळ्यावर दोघांची नावं थकबाकीदारांत लागली. लग्नपत्रिकेनंतर ती शेजारी शेजारी आली ती तिथेच!

पुढे रूपराव कायम झाला. दोघांनी जुनं सारं फेडलं, वडनेर रस्त्याला एक लहानसा प्लॉट घेतला आणि तो गहाण ठेवून घर बांधायला कर्ज मागितलं. संस्थेचे साहेब म्हणाले, "दोन वर्षं कोणाचं नवं देणं करू नका. मग बघू."

ती दोन वर्षं नलूने कशी काढली, ते बंडूजीच्या तोंडून मी ऐकलं आहे. वाण्याला द्यायला पैसे नसले तर तेल नाही, तेल नसलं तर बिनफोडणीचं वरण. उधार म्हणून चिमूटभर मीठही तिने शेजारणीकडून आणलं नाही.

मुदत सरत आली आणि नेमकी अक्षय्य तृतीया आली. रूपरावच्या आईने गावाहून निरोप धाडला, "मुहूर्त साधा, चौकट तरी उभी करा." हाती माझ्या किमतीच्या निम्मेच पैसे होते. बंडूजी म्हणाला, "बाकीचे कर्ज आल्यावर देजो. मी काय परका हावो?"

रूपराव क्षणभर अडखळला. पण शकुनाच्या चौकटीला कोणी देणं म्हणतं का? ते तर घरातल्या घरात. हळद-कुंकू लावून, आंब्याची पानं बांधून मला मोकळ्या प्लॉटवर उभं केलं. जाणारे-येणारे हसायचे, "रूपराव, दार लावून घेजो, चोर शिरन!" नलूही हसायची. तिला माझ्या डावीकडे चूल दिसत होती आणि उजवीकडे मशीन.

पंधरवड्याने साहेब प्लॉट पाहायला आले. भले गृहस्थ. कागद पाहून म्हणाले, "जुनं सगळं फिटलंय. दोन वर्षं स्वच्छ आहेत. होऊन जाईल काम." नलूने पदर तोंडाला लावला. आणि तेवढ्यात पलीकडून बंडूजी आला.

"सायेब, डोळे मिटून द्या याले कर्ज!" त्याने माझ्या खांबावर थाप मारली. "पत पाहाची हाय ना याची? हे पाहा! निम्मे पैसे बाकी हायेत, पन म्या मांगतले का? उधार कोनाले भेटते जी? ज्याच्यावर भरवसा राह्यते त्याले!"

नलूने डोळ्याने खुणावलं. बंडूजीला वाटलं, स्तुतीने लाजून राह्यली. तो आणखी चढला. "दहा वर्षं नाई मांगनार, लेहून घ्या!"

मित्रांनो, गावात ज्याला उधार मिळते त्याची पत असते. कचेरीत ज्याच्या नावावर उधार असते त्याची पत जाते. शब्द एकच, आणि बंडूजी बिचारा चुकीच्या दारात उभा राहून बोलत होता. ते दार मीच होते.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "रूपरावजी, हे मी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं."

"नका लेहू जी," रूपराव म्हणाला. "हे उधार नोहे. घरचंच माणूस हाय हे."

"उद्या दुसऱ्या कोणी सांगितलं तर माझी नोकरी जाईल."

कर्ज नामंजूर झालं. आधीचे थकबाकीदार, त्यात देणं लपवलेलं. पुन्हा अर्ज करायला तोंड उरलं नाही. बंडूजी रडत आला. "वयनी, पैसे माफ. चौकटही घेऊन जातो." पण पूजलेली चौकट दुसऱ्याच्या घराला कोण लावणार? आणि माफीला नलूने नकाराची मान हलवली. "माफ केले त आमी खरंच बुडवे होऊ, भाऊजी."

घर होणार नव्हतं आणि बंडूजीचं देणं फेडायचं होतं, म्हणून प्लॉट विकला. पहिले पैसे बंडूजीच्या हातात गेले. त्या दिवशी मी त्यांची झाले, पुरती, बिनउधारीची. आणि त्याच दिवशी मला उभं राहायला जमीन उरली नाही. नव्या मालकाने मला उपटायला लावलं. हातगाडीवरून मी त्यांच्या भाड्याच्या खोलीमागे आले आणि आडवी पडले. उभी असेन तर मी चौकट, आडवी पडले की नुसतं लाकूड. पहिल्याच पावसात बुडाकडून वाळवी लागली.

रूपराव खोलीच्या या मागच्या बाजूला फिरकत नाही. बंडूजी मात्र दिवाळीच्या आधी जवसाच्या तेलाची बाटली घेऊन येतो आणि मला बोळ्याने पुसतो. मागच्या खेपेला त्याने मान खाली घालूनच विचारलं, "वयनी, म्या त चांगलंच बोललो व्हतो ना?"

"हो जी," नलू म्हणाली. "म्हनूनच त कोनाले शिव्याही देता येत नाई."

मित्रांनो, लाकडाला तेल वाळवीच्या आधी लागतं. तुमच्या दाराला चौकट असेल तर आजच तिच्यावरून एक हात फिरवा. बंडूजीचं तेल आता माझ्यात मुरत नाही, पोखरलेल्या भोकांतून खाली मातीत जातं.