मराठीचं कार्ड

आमच्या ह्यांना वाचता येत नाही असं मी कुणाला सांगितलं, तर लोक मलाच वेड्यात काढतील. दामोदर म्हणजे सरकारी कारखान्यातले इंजिनिअर. निवृत्तीनंतर बनशंकरीतल्या मराठी मंडळाची कागदपत्रं हेच तपासायचे, आणि तपासताना समोरच्याची अक्कलही काढायचे. मी इथेच चामराजपेटेत वाढलेली, शाळा सगळी कन्नडमधून. मराठी घरात बोलायचो तेवढीच. लग्नानंतर ह्यांनीच मला मराठी वाचायला शिकवलं, तेही ओरडून ओरडून.

दिवाळीनंतर ह्यांना झटका आला. हातपाय वाचले, बोलणं वाचलं, देवाची कृपा. गेलं ते एवढंच. अक्षर दिसतं पण कळत नाही. सही अजून झोकात करतात, चार ओळी लिहितातसुद्धा, आणि स्वतःच लिहिलेलं दुसऱ्या मिनिटाला वाचता येत नाही. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवून बरंच समजावलं. मला कळलं ते इतकंच, की सुरुवातीच्या महिन्यांत शिकवणी केली तर पुष्कळ परत येतं आणि उशीर झाला तर कठीण. जयनगरला एक बाई आहेत, अशाच माणसांना पुन्हा वाचायला शिकवतात.

पण हे ऐकतील तर ना. "सत्तरीत मी ग म भ न गिरवू?" म्हणाले. हट्टीपणात ह्यांचा हात कुणी धरणार नाही. मी रडले, अबोला धरला, पुरणपोळ्या केल्या, परत भांडले. मुलाला, ध्रुवला, काही कळू द्यायचं नाही अशी ह्यांनी मला शपथ घातली होती. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला राहतो, रविवारी येतो, बाबा पेपर धरून बसलेले बघतो आणि खूश होऊन जातो. पेपर कधीकधी उलटासुद्धा असतो, पण आजकालच्या मुलांना पेपराकडे बघायची सवय कुठे आहे. शेवटी एकदाचे हे कबूल झाले. सोमवारची वेळ मी स्वतः फोन करून घेतली आणि देवापुढे साखर ठेवली.

शनिवारी सकाळी ती मुलगी आली. चैत्रा नाव, पाठीला सॅक, हातात टॅब. मोठ्या माणसांपैकी किती जणांना वाचता येतं, याची पाहणी करत होती. यादीत आमचं घर निघालं होतं आणि घरातून ह्यांचं नाव. आम्ही कन्नडमध्येच बोलत होतो.

"लिहा, बी.ई. मेकॅनिकल," ह्यांनी आरामखुर्चीतूनच सांगितलं. "झालं तुमचं काम."

"नाही सर. शिक्षण विचारून आकडे काढले की खोटे येतात म्हणून या वेळी प्रत्येकाकडून कार्ड वाचून घ्यायचंय. डॉक्टर असो की वकील."

मी पटकन पुढे झाले. म्हटलं, "अगं, त्यांचा चष्मा दुरुस्तीला टाकलाय." चष्मा ह्यांच्या नाकावर होता. मुलीनं चष्म्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बिचारी सॅकमध्ये कार्डं शोधायला लागली. ह्यांनी मात्र माझ्याकडे असं पाहिलं की मी जाऊन बाजूला बसले.

तिनं कार्डं पत्त्यांसारखी पसरून धरली. कन्नड, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी. "कुठलं देऊ सर?"

"मराठी," हे म्हणाले. आवाज अगदी मंडळाच्या सभेतला.

कार्ड हातात घेऊन हे बघत राहिले. उजव्या हाताचं बोट मांडीवर हळूहळू फिरत होतं, वर, खाली, गोल. अक्षराचा आकार बोटानं गिरवून बघत होते. घरात कधी असं करताना मी पाहिलं नव्हतं. कुणाला न सांगता, माझ्या पाठीमागे, एकटेच प्रयत्न करत असणार. मी बाजूलाच बसले होते, मला कार्ड स्पष्ट दिसत होतं. 'मुलांना रोज दूध प्यायला द्यावे.'

"मुलांना," हे म्हणाले. थांबले. बोट परत फिरायला लागलं, अडखळलं, आणि मग बोट थांबवून हे एका दमात म्हणाले, "मुलांना चांगले शिक्षण दिले पाहिजे."

कार्ड परत दिलं आणि मागे टेकून बसले.

चैत्रा जरा ओशाळून माझ्याकडे वळली. "अम्मा, मला ही लिपी येत नाही. घरी तेलुगू, शाळेत कन्नड आणि इंग्रजी. असं असलं की घरातल्या कुणाला तरी विचारून भरा म्हणून सांगितलंय. सरांनी बरोबर वाचलं ना? पूर्ण, थोडं, की अजिबात नाही?"

बघा आता. एवढी मोठी पाहणी, एवढे खरे आकडे हवेत, आणि निकाल कुणी द्यायचा, तर बायकोनं.

हे माझ्याकडे बघत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसानं माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. चहासुद्धा मागत नाहीत, नुसते खाकरतात. आणि आता बघत होते ते निकालाच्या दिवशी पोरं बघतात तसं. ओठ किंचित उघडे.

"सरी, बरोबर," मी म्हटलं. "पूर्ण."

तिनं टॅबवर बोट टेकवलं. मी तिला ताक दिलं, थोडा चिवडा दिला, ती गेली.

दार लावून वळते तो हे उभे. खुर्चीचा आधार न घेता. "बघितलंस? आलं परत. आपोआप आलं. मी म्हणत नव्हतो, आराम पडला की येईल?" किती महिन्यांनी ह्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. हॉलमध्ये दोन फेऱ्या मारल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी हलवत बसले, आणि तेवढ्यात ह्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला. माझ्या फोनवरून शेवटचाच नंबर परत लावून जयनगरच्या बाईंना ऐटीत सांगत होते, सोमवारचं रद्द करा, गरज उरली नाही.

मी बाहेर आले. बाई गं, केवढं करून बसलीस, असं झालं. पण आत्ता नाही बोलले तर हे महिने हातचे जातील, मग कधी बोलू?

"अहो, कार्डावर दूध लिहिलं होतं."

"काय?"

"मुलांना रोज दूध प्यायला द्यावे. शिक्षण नव्हतं त्यात."

हे खुर्चीत बसले. "मग सरी कशाला म्हणालीस?"

"तुम्ही माझ्याकडे बघत होता म्हणून."

मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. केलं असतं तर बरं झालं असतं. भांडण मला जमतं, जन्म त्यातच गेलाय. पण हे रागावलेच नाहीत. नुसते चष्मा काढून पुसत बसले.

"फोन लावते त्यांना परत," मी म्हटलं. "सोमवारी जाऊ या. मी बरोबर येते."

"कशाला? तिथे ती बाई म्हणेल, छान सर, वा सर. तू बाजूला बसून मान हलवशील. खरंच आलं की नाही, मला कसं कळायचं?" मग चष्म्याची काच उजेडात धरून म्हणाले, "डॉक्टरांचा रिपोर्ट तूच वाचून दाखवलास ना?"

"त्यात मी एक अक्षर बदललं नाही हो. देवाशप्पथ."

"बरं," म्हणाले.

त्या एका 'बरं'नं माझा धीर सुटला. मी ह्यांच्यासमोर खाली बसले आणि ह्यांचा उजवा हात धरला. खरं तर आनंदानं नाचावं अशी गोष्ट घडली होती आणि मी ती माझ्याच तोंडानं मातीत घातली होती. मी 'थोडं' म्हणाले असते तर ते खरं झालं असतं, आणि सोमवारी हे हसत गेले असते.

"ऐका ना. पहिला शब्द तुम्ही बरोबर वाचलात. 'मुलांना' असंच होतं तिथे. तुम्ही बोटानं गिरवून ओळखलात, मी बघितलं. ते खरंच आलंय परत. शब्दभर आलंय."

ह्यांनी डाव्या हातानं चष्मा परत चढवला. मग लहान मुलाची समजूत काढतात तसा माझा हात थोपटला.

"असेल," म्हणाले.