नाव कापलेल्या गोळ्या

रचना बेळगावात फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. वर्गात तिनं छातीठोकपणे सांगून टाकलं, "आमच्या घरची औषधं अगदी नियमानं ठेवलेली असतात." हिरेमठ मॅडम खूश झाल्या. "रविवारी कोल्हापूरला जातेय. वाटेत निपाणीला उतरून तुझ्या घरी फोटो काढते. वर्गाला दाखवू."

झाली पंचाईत! घरची औषधं गुणाआज्जीच्या डब्यात असायची. गल्लीभर बायका विड्या वळायच्या त्या काळात गोळ्यांचं एक पाकीट चौघींत यायचं. गुणाबाई विडीची पानं कापायच्या कात्रीनं एकेक गोळी पाकिटासकट कापून वाटायची. विड्या थांबल्या, कात्री काही थांबली नाही. डब्यात नुसते चकचकीत चौकोन. नाव नाही, तारीख नाही.

"आज्जी, ही कशाची गं?"

"गुडघ्याची. ती टकुऱ्याची."

"आणि ही?"

"असंल कशाची तरी. टाकायची न्हाय हं! सारी गल्ली माझ्या दारात येती."

शनिवारी आज्जी देवळात गेली आणि रचनानं डाव साधला. गोळ्या सोलून तंबाखूच्या भुकटीत कालवल्या, म्हणजे कुत्रंही तोंड लावणार नाही, आणि पिशवी गच्च बांधून कचऱ्याच्या गाडीत दिली. फळीवर नवी पाकिटं नाव-तारखेसकट मांडली. आज्जीच्या डब्यात मात्र पेपरमिंटच्या गोळ्या भरल्या.

"सोलून ठेवल्यात, आज्जी," ती परतताच रचना म्हणाली. "तुझ्या नखांना तरास नको."

"शिकलेली पोर माझी!" आज्जी हरखली.

तेवढ्यात शेजारची बाळाबाई आली. "गुणाक्का, गुडघा धरलाय बघ."

"ही घे. चघळू नगंस, गिळ."

संध्याकाळी बाळाबाई परत हजर. "लई गुण आला गं! आणि दोन दे."

रचना तोंडात ओढणी कोंबून आत पळाली.

रविवारी मॅडम आल्या त्या कपाळ दाबतच. एसटीनं पार खिळखिळं केलं होतं. तरी फळी बघून "शाब्बास!" म्हणाल्या, फोटोही काढला. तोवर गुणाबाईनं डबा उघडलाच. "घ्या बाई. टकुरं उतरंल."

मॅडमनी न बघता हात पुढं केला आणि गोळी तोंडात टाकली. गप्प बसलं असतं तर सोमवारी वर्गात रचनाचा नुसता उदो उदो. पण जीभ कसली ऐकते?

"मॅडम, तुम्ही नावसुद्धा विचारलं नाही!"

पाण्याचा तांब्या मॅडमच्या हातात तसाच राहिला. तोंडातून कुर्रकन आवाज आला.

"रचना, हे पेपरमिंट आहे."

मग काय, रचनाला सगळं खरं ओकावंच लागलं. ऐकता ऐकता गुणाबाईनं डबा पदराखाली ओढला. मॅडमनी फोटो तिथल्या तिथं पुसला.

"हा डबा आधी कसा होता, ते वर्गात सांगायचं."

"सांगते. आणि तुम्ही गोळी कशी घेतली, ते?"

मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. "ते... ते मीच सांगेन."

"ते ऱ्हाऊ द्या," गुणाबाई मध्येच म्हणाली. "टकुरं उतरलं का न्हाय, ते सांगा आदी."

मॅडमनी कपाळाला हात लावून पाहिला. मग रचनाची नजर चुकवत हळूच म्हणाल्या, "उतरलंय."