भिंतीतली वायर

"येतोय का अजून?" भिंतीपलीकडून धाकट्या सुनेनं विचारलं.

"येतोय," तात्या म्हणाले. "तबकडीवरची सुई उचल बघू."

गाणं थांबलं. घुंई मात्र थांबली नाही. बंद खोलीत अडकलेल्या भुंग्यासारखी स्पीकरमध्ये फिरत राहिली. तात्यांनी अँप्लिफायरच्या पत्र्याच्या पेटीवर तळवा ठेवला, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. पोरं रांगत होती तेव्हा स्वतःच्या हातानं जोडलेली पेटी. उभा जन्म त्यांनी अशाच पेट्या जोडून लोकांच्या सभांना आवाज दिला होता.

पोरांनी घर वाटून घेतलं तेव्हा मधोमध भिंत आली. प्लेअर आणि तबकड्या धाकट्याच्या वाटणीला गेल्या, तात्या थोरल्याकडे राहिले. गवंडी भिंत लिंपत असताना त्यांनी एवढंच मागितलं, वायरीपुरतं भोक. दुपारी धाकटी शिवणाच्या मशीनवर बसता बसता तबकडी लावायची आणि गाणं भिंतीतून इकडे यायचं. भावाभावांत बोलणं नव्हतं. वायरीपुरतं येणंजाणं उरलं होतं.

मग धाकट्यानं वेगळा मीटर घेतला, मागच्या बाजूला वेगळं अर्थिंग पुरलं, आणि त्याच दिवसापासून ही घुंई. तात्यांना दुखणं पहिल्याच दिवशी कळलं होतं. यंत्रं दोन, त्यांना जोडणारी वायर एक, आणि जमिनीत उतरायच्या वाटा दोन. त्या वाटांमधून वीज येरझाऱ्या घालते, तिचंच हे कण्हणं. कळूनही त्यांनी वायरी बदलल्या, सोल्डरचे टाके पुन्हा मारले. दोष वायरीवर ढकलता आला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी थोरला कामावरून आला आणि दारातल्या स्टुलावर टेकला.

"तात्या, ती अर्थिंगची तिसरी पिन उडवून टाका ना. मिटलं."

"आवाज मिटेल. पण पेटी पत्र्याची आहे, आणि तुझी बायको ती ओल्या फडक्यानं पुसते. ती पिन गाण्यासाठी नसते रे, हातासाठी असते."

"मग करायचं काय?"

"दोन्ही एकाच बोर्डावर लावायची. त्याची वायर इकडे घ्यायची, नाहीतर आपली तिकडे द्यायची."

थोरल्यानं एक बूट काढला. "त्याच्या मीटरची वीज माझ्या घरात नको. माझी तोही घेणार नाही. विचारून बघा."

"विचारलं सकाळीच."

"काय म्हणाला?"

"हेच. एक शब्द इकडचा तिकडे नाही. एका आईचे शोभता."

थोरल्याला हसू आलं. ते त्यानं दुसऱ्या बुटाबरोबर काढून ठेवलं.

"प्लेअरच आणा की इकडे," आतून थोरली म्हणाली.

"वाटणीत दिलेलं परत मागू?" तात्या म्हणाले, आणि मग बराच वेळ पेटीकडे बघत बसले. पेटी कुणाच्याच वाटणीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी भिंतीतून वायर ओढून घेतली. पेटी पोटाशी धरून, बाहेरच्या दारानं, वळसा घालून निघाले. वाटेत दोनदा टेकावं लागलं. नंतर स्पीकरसाठी आणखी एक खेप.

धाकटी मशीनवरून उठली. "अहो तात्या, हे काय? तुमच्या खोलीत काय राहिलं मग?"

"भिंत राहिली की. स्पीकर तिच्याकडे तोंड करून ठेव."

दोन्ही यंत्रांचे प्लग एकाच बोर्डात बसले. तबकडी फिरू लागली, सुई अजून वरच होती. दोघं कान देऊन उभे राहिले.

"गेली," धाकटी हळूच म्हणाली.

"गेली."

"बसा ना. इथंच ऐका."

"नको गं. पाठ धरलीय. पडून ऐकतो."

खोलीत टेबलावर पेटीच्या आकाराची कोरी जागा तेवढी राहिली होती. तात्यांनी उशी पायथ्याला नेली आणि भिंतीतल्या भोकाकडे डोकं करून आडवे झाले. गाणं बारीक येत होतं, पण निर्मळ. दोन कडव्यांच्या मधली शांतता आली, तीही भोकातून पुरती आली.

पलीकडे धाकटीनं मशीन थांबवलं, आणि आवाज थोडा वाढवला.