निंबापाशी निसटणारे पायडल

गुरुसिद्धप्पांच्या सायकलीचे डावे पायडल त्या हिवाळ्यात तीन वेळा निसटून पडले आणि तिन्ही वेळा एकाच जागी पडले. कुंभारीच्या रस्त्याने जाताना उजव्या हाताला निंबवाडी लागते. तिच्या शिवेवर एक जुना निंब आहे आणि त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेली शितळाआई. पायडल पडे ते या निंबासमोर.

गुरुसिद्धप्पा सरकारी देवीडॉक्टर होते. सोलापुरातून सायकलीने गावोगाव जायचे आणि पोरांच्या दंडावर देवीची लस टोचायची, हे त्यांचे काम. पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षे पदार्थविज्ञान शिकल्यामुळे योगायोग आणि कारण यांतला फरक आपल्याला कळतो, असा त्यांचा समज होता. जवळची गावे उरकली होती, लांबच्या निंबवाडीत मात्र बेचाळीस पोरे टोचायची राहिली होती. दोन कोसांवरच्या गावात तिघांना देवी आल्याची खबर लागल्यापासून ते बेचाळीस त्यांच्या डोक्यातून जात नव्हते.

पहिल्या वेळी ते गुडघ्यावर आपटले, तेव्हा निंबाखाली शेण थापणारी सोजरबाई हसली. गावात तिचा शब्द चाले, कारण आईची दिवाबत्ती तिच्याकडे होती.

"आई आडवी आली बगा, डाक्टर. आज नगं. फुडल्या खेपंला या."

दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर पोरेटोरे आधीच येऊन रस्त्याच्या कडेला बसली होती, डोंबाऱ्याचा खेळ असल्यासारखी. चौथ्या खेपेला गुरुसिद्धप्पांनी शहाणपणा केला. निंब शंभर पावलांवर असतानाच ते उतरले आणि सायकल हाताने ढकलत पुढे गेले. पायडल जागच्या जागी राहिले. पण त्या दिवशी वाडीतले एकेक दार त्यांच्या तोंडावर लागले. "फुडल्या खेपंला या" असेही कोणी म्हणाले नाही. पडलो तेव्हा माणसे बोलत होती, न पडता आलो तर मुकी झाली, याचा अर्थ त्यांना लागेना.

सायकल दुरुस्तीला असे ती रुद्रप्पा मिस्त्रींकडे. रुद्रप्पांनी वीस वर्षे गिरणीत फिटरचे काम केले होते आणि आता मंगळवार पेठेत एका खांबाच्या आडोशाला दुकान मांडले होते. गिरणीत माग दिवसभर थरथरतात आणि थरथरीने सगळे ढिले होते. म्हणून दर शनिवारी यंत्रे थांबली की प्रत्येक नट दम लावून आवळायचा, अशी तिथली रीत. सैल नट सापडला की फिटरची खरडपट्टी ठरलेली. ही रीत रुद्रप्पांच्या मनगटात मुरली होती. दसऱ्याला खंडेपूजनासाठी सायकल उघडून धुतली, तेव्हा डावे पायडल किंचित खुळखुळत होते. त्याचा आतला पेच त्यांनी असा आवळला की पुन्हा त्याचा आवाज म्हणून निघाला नाही.

"मिस्त्री, तुमच्या हातून काहीतरी सैल राहतंय," गुरुसिद्धप्पा म्हणाले.

"सैल? माज्या हातचं?" रुद्रप्पांनी पायडल धरून हलवून दाखवले. "केसभर जागा न्हाय आत. त्यो पायडलाचा दांडा ह्या क्रँकच्या हातामदनं सुटतोय, त्यो तुमी आवळत न्हाय. आन् डाव्याचे आटे उलटे असत्यात, ध्यानात हाय न्हवं? शिवाच्या देवळात आर्दी प्रदक्षिणा घालून मागं फिरता की न्हाय, तसं उलटं फिरवायचं. घ्या ह्यो पाना. निगायच्या टायमाला दारात सवता आवळत जावा."

"पाना आहे माझ्याकडे. निघताना, परतताना तेच तर करतो आहे. दर खेपेला."

"मग आईलाच इचारा," रुद्रप्पा म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या साखळीला लागले.

आईला विचारायचे तर तिच्यापासून दूर जाऊन विचारले पाहिजे, असे गुरुसिद्धप्पांना त्या रात्री सुचले. घरापासून निंबापर्यंत पाच मैल. सायकलीच्या पुढच्या चक्राला शेहेचाळीस दाते, मागच्याला अठरा. म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यात पावणेएकोणीस फूट वाट सरते आणि पाच मैलांत चौदाशेच्या आसपास फेरे होतात. निंबाचा दोष असेल तर पायडल निंबापाशीच पडेल. फेऱ्यांचा दोष असेल तर ते कुठेही पडेल, फक्त चौदाशे फेरे व्हायला हवेत.

रविवारी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे दारात पाना लावला, नेहमीइतकाच जोर दिला आणि सायकल उलट दिशेला, विजापूरच्या रस्त्याला घातली. चौथा मैल गेला. पाचव्या मैलाचा दगड गेला, तसे त्यांच्या मनात काहीतरी ओशाळवाणे हलले: ते निसटले नाही तर? मग निंबाला काय म्हणायचे? दगडापासून दोनशे पावलांवर डावा पाय एकदम पोकळीत गेला आणि ते मुरमात आडवे झाले. आसपास बाभळी होत्या. देऊळ नव्हते, शेंदूर नव्हता, हसायलाही कोणी नव्हते. कोपर सोललेला तो माणूस रस्त्याच्या मधोमध बसून एकटाच हसला.

पडलेले पायडल त्यांनी उचलले आणि दांड्याला बोट लागताच झटकन मागे घेतले. दांडा तापला होता. बोटाने टिचकी मारली तर पायडल फिरेना. दोन्ही हातांनी पिळावे लागले. कारण हातात होते. पायडल दांड्याभोवती बारीक पोलादी छर्ऱ्यांवर फिरते. छर्रे मोकळे असले की पायडल फिरते आणि दांडा क्रँकमध्ये स्वस्थ राहतो. आतला पेच दाबून बसवला की छर्रे अडकतात, पायडल दांड्यालाच धरून फिरवते आणि दर फेऱ्याला त्याचे आटे थोडेथोडे उलगडत जाते. बाहेरून आवळावे ते आतल्या आवळण्याने सुटत होते.

"सैल करा," पायडल पुन्हा बसवून सायकलीवरून तडक दुकानात येऊन ते म्हणाले.

रुद्रप्पांनी ऐकले न ऐकलेसे केले. "आवाज यील."

"येऊ द्या."

"लोक म्हनतील, रुद्रप्पाचा हात गेला."

"मिस्त्री, उजव्या पायडलाला टिचकी मारा."

रुद्रप्पांनी मारली. पायडल दहाबारा वेळा गरगरले. डाव्याला मारली, ते अर्ध्या फेऱ्यात थबकले. रुद्रप्पांनी दांड्याला अंगठा लावला आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला. वीस वर्षे यंत्रे हाताळलेल्या माणसाला ताप ओळखू येतो. कोणाकडे न पाहता त्यांनी टोपण काढले, पेच पाव फेरा मागे घेतला, वंगण सोडले आणि टिचकी मारली. पायडल फिरू लागले.

"माग थरथरतोय, म्हनून आवळायचा," ते हळूच म्हणाले, जणू स्वतःशी. "ह्ये फिरतंय."

बुधवारी गुरुसिद्धप्पा निंबवाडीला निघाले. निंब दिसला आणि त्यांचा डावा पाय आपोआप उचलला जाऊ लागला. कारण ठाऊक होते, प्रयोग झाला होता, तरी पोटरीला ते पटले नव्हते. त्यांनी पाय पायडलावर दाबून धरला. निंब आला, शेजारून गेला, मागे पडला. पायडल होते तिथेच होते. मागून हाक आली.

"ओ डाक्टर! थांबा की!"

सोजरबाई शेणाचे हात पुसत आली. तिच्या मागे पाचसहा बाया होत्या.

"आज उतरला न्हाय?"

"पायडल दुरुस्त केलं आहे. आता पडत नाही."

"पडन्याचं कोन म्हनतंय? पडतंय मानूस. आमची म्हातारी रेड्यावरनं पडली हुती." तिने कमरेवर हात ठेवले. "तीन डाव पडला, तवा आमी हसलो. म्हनलं, ह्यो पडतोय तरी येतोय, कवातरी घ्यावं टोचून. मग त्या दिशी तुमी निंबाच्या अलीकडंच उतरला आन् मान खाली घालून चालत आला. तवा आमी भ्यालो. शिकल्यालं मानूस आईला भितंय, मंजी कायतरी हाय. आन् त्योच आमच्या पोरास्नी सुया टोचनार?"

गुरुसिद्धप्पा सायकलीवरून उतरले. एवढी मोजमापे घेतली, दाते मोजले, फेरे मोजले. पण चौथ्या खेपेची ती शंभर पावले त्यांनी कुठेच धरली नव्हती.

"मी भ्यालो होतो," ते म्हणाले.

"व्हय, दिसलं की." ती सायकलीपाशी वाकली. "मंग काय झालतं हिला?"

त्यांनी सांगितले. बाया ऐकत राहिल्या. सोजरबाईने एका बोटाने पायडल फिरवून पाहिले.

"आसं म्हना की. कासारानं बांगडी लई घट्ट भरली की हाताबरूबर कातडं वढतीया. सैल आसली की आपली फिरतीया." ती सरळ झाली. "आमच्या नातीपासनं सुरू करा. पर आदी आईला हळदकुकू लावू द्या मला."

"लावा," गुरुसिद्धप्पा म्हणाले. त्यांनी सायकल निंबाला टेकवली आणि लशीची पेटी उघडली.

सोजरबाई नातीला घेऊन आली तेव्हा पोरीच्या कपाळावर ओले कुंकू होते आणि दंड आधीच उघडा केलेला होता. पहिल्या टोचणीला पोरगी किंचाळली. निंबाला टेकलेल्या सायकलीभोवती बाकीची पोरे पाळीपाळीने पायडलाला टिचक्या मारत होती, आणि ते फिरत होते.