न झिजलेले जस्त

पंपघरातला, समुद्राचे पाणी वाहून आणणारा कमरेएवढा नळ रिकामा करून उघडला, तेव्हा आत क्षाराचा बोटभर जाड थर होता. परीक्षकाने आत शिरून त्यावर हातोडी हलकेच ठोकली. खपली निघाली. तिच्यामागे नळाची भिंत नव्हती. खिडकीचा उजेड होता. म्हणजे पाणी आजवर पोलादाने नव्हे, साचलेल्या कचऱ्याने अडवले होते. खरे तर त्याने घाबरायला हवे होते. त्याने छिद्र मोजले: नऊ मिलिमीटर.

नळात ठरावीक अंतरावर जस्ताच्या वड्या बसवलेल्या होत्या. खाऱ्या पाण्याने लोखंड सोडून त्यांना खावे, एवढेच त्यांचे काम. दोन वर्षांत त्यांचा चोथा व्हायला हवा होता. त्या नव्या नवरीसारख्या कोऱ्या होत्या. त्याने चाकूने एक खरवडली. पात्याला राखाडी रंग लागला.

रंगारी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बोलावल्यावर हात पुसत आले.

"भाऊजी, वड्यांना रंग दिलात?"

"मग? सगळा नळ आतून चकाचक, आणि मध्येच त्या, नाकावरच्या फोडासारख्या. डब्यात रंग उरला होता, दिला एक हात."

"त्या झिजायलाच बसवतात."

"हे आज सांगतोस? गेल्या वर्षी तूच इथे वाकून म्हणालास, वा, काय टिकल्यात."

म्हणाला होता खरा. जुन्या तपासणीपत्रावर त्याचेच अक्षर होते: 'जस्त: झीज नाही. उत्तम.'

"माझं नाव लिहिलंस तर मला घरी बसवतील," भाऊजी म्हणाले. "मग ताईला तूच सांग. माझ्यात ती ताकद नाही."

अहवालात 'कारण' या शब्दापुढे एकच ओळ मोकळी होती. भाऊजी कंत्राटी, त्यांचे नाव तिथे सहज मावले असते आणि कुणाची भुवईही हलली नसती. परीक्षकाने मन चाचपले: भीती, शरम, दया. हाती काही लागले नाही. उरला फक्त पुरावा. रंगाऱ्याला रंग देण्याचा पगार होता, त्याने रंग दिला. परीक्षकाला खरवडून पाहण्याचा होता.

त्याने लिहिले: 'जस्तावर रंग. गेल्या तपासणीत मी न खरवडताच उत्तम ठरवले.' खाली सही केली.

भाऊजींनी खांद्यावरून वाचले. "अरे, स्वतःच्याच पायावर धोंडा? माझं नाव कुठाय?"

"जागा तेवढीच होती."

परीक्षकाने चाकू त्यांच्यापुढे धरला.

"अजून अकरा वड्या आहेत."

भाऊजी चाकू घेऊन नळात शिरले.