न घेतलेलं नाव

उत्तर सागराच्या काठी पहाट हलक्या पावलांनी येते. राखाडी जळावर राखाडी आभाळ ओणवलेलं, दोहोंच्या मधे रुपेरी रेघेएवढा प्रकाश. वाळूच्या टेकड्यांवर धूसर, कृश, वातविकल गवत एकाच दिशेला लवलेलं. सूर्य येतो, पण आल्याचं कुणाला सांगत नाही. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, अशी इथल्या उन्हाची तऱ्हा.

त्या सागराजवळच्या हेग शहरात, सायकलींच्या त्या शांत, सुस्नात, शिस्तप्रिय नगरीत, एका विशेष न्यायाधिकरणाची इमारत आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ती विमा कंपनीची कचेरी वाटावी. आत मात्र दूरदेशीची दग्ध गावं बोलतात, रक्तस्नात नद्या बोलतात, आणि त्यांचं बोलणं कुणीतरी निमूट लिहून घेत असतं.

लिहून घेणारी ती शर्वाणी केळुसकर. मूळची वेंगुर्ल्याची, कायद्याची पदवी घेऊन इथे इंटर्नशिपला आलेली, म्हणजे शिकायला, आणि शिकता शिकता राबायला. तिची वरिष्ठ वकील आनेलीस, उंच, शुभ्रकेशा, मितभाषिणी. इथे सगळे सगळ्यांना नुसत्या नावाने हाक मारतात. शर्वाणीची जीभ मात्र ‘आनेलीस’ म्हणताना दर वेळी ‘मॅडम’पाशी अडखळायची. वडीलधाऱ्या बाईला नावानं हाक मारायची, हे काही तिच्या अंगवळणी पडलेलं नव्हतं.

त्या सकाळी जबानीच्या खोलीतल्या पडद्यावर, दुरून थेट जोडलेली, एक स्त्री होती. हजारो कोसांवरच्या एका नदीकाठच्या गावातली, सावळी, शीर्णवस्त्रा, स्थिरनयना. तिच्या जिवाला धोका होता, म्हणून तिचं नाव कागदोपत्री कुठेच नव्हतं. ती होती साक्षीदार अठ्ठावीस. 

तिने दुभाषी बाईंमार्फत सगळं सांगितलं होतं. धुक्यातून आलेल्या होड्या सांगितल्या. गणवेशातली माणसं सांगितली. पुरुषांना काठाशी रांगेत उभं करून नेलं ते सांगितलं, आणि त्यानंतर वेळूच्या बनातून उडालेली बगळ्यांची माळही सांगितली. तिचा आवाज कुठे चढला नाही, कुठे पडला नाही.

मग आनेलीसने विचारलं, “त्या रांगेत तुमचे पती होते. त्यांचं नाव काय?”

स्त्रीने मान खाली घातली. ओठ मिटले ते मिटलेच. आनेलीसने पुन्हा विचारलं, अधिक हळू. पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. दर वेळी ती खाली घातलेली मान, तेच मिटलेले ओठ, तीच संथ, सखोल, अभेद्य शांतता. शर्वाणीने टिपणात लिहिलं: उत्तर नाही. पुन्हा लिहिलं: उत्तर नाही. लिहिताना तिला त्या बाईचा थोडा रागही आला. एवढं सारं सांगितलं, आणि एका नावाशी तोंडाला कुलूप कसलं?

मधल्या सुट्टीत आनेलीस कॉफीचा कप हातात धरून खिडकीशी उभी राहिली. आरोपी सेनापती म्हणत होता, की त्या गावातून त्या दिवशी कुणालाच नेलं नाही. ते खोटं ठरवायला नेलेल्यांतल्या एकाचं तरी नाव त्याच्या घरच्या माणसाने घ्यायला हवं होतं. गावात जिवंत उरलेलं घरचं माणूस ही एकटीच.

“मीच नाव वाचून दाखवलं, आणि तिने नुसती मान हलवली, तर बचावपक्ष ते टिकू देणार नाही,” आनेलीस म्हणाली. “नाव तिच्याच तोंडून यायला हवं. नाही तर तिला यादीतून वगळावं लागेल. टाळाटाळ करते असं दिसतंय.”

टाळाटाळ! त्या एका शब्दासरशी शर्वाणीला वेंगुर्ल्याचा सरकारी दवाखाना आठवला. खिडकीतल्या कारकुनाने पेशंटचं नाव विचारलं होतं. आत खाटेवर बाबा तापाने फणफणलेले, आणि बाहेर आई लाजेने लालेलाल होऊन परकरातल्या शर्वाणीला पुढे ढकलत होती. “तूच सांग गो बाय. माका तेंचा नाव घेऊक जमाचा नाय.” आईच्या जिभेवर बाबांचं नाव उमटायचं ते फक्त उखाण्यात, हळदीकुंकवाच्या दिवशी, बायकांच्या हसण्याच्या आडोशाला. एरवी बाबा म्हणजे ‘अहो’, ‘हे’, ‘घरातले’.

ही आठवण इथे काय कामाची, असं तिला वाटलं. कुठला तो देश, कुठलं आपलं कोकण! पण ती खाली घातलेली मान तिने पाहिली होती. ती मान तिच्या ओळखीची होती.

तिने दुभाषी बाईंकडे पाहिलं. त्या बाई त्याच देशाच्या, त्याच नदीच्या. त्यांनी नजर चुकवली. दुभाष्याने ऐकलं तेवढंच सांगायचं, स्वतःचं अक्षरही घालायचं नाही, असा इथला नियम. ठाऊक असूनही गप्प राहण्याचं ते व्रत त्या निष्ठेने पाळत होत्या.

“मॅ… आनेलीस,” शर्वाणी म्हणाली, “नाव विचारू नका. ‘तुमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव कधी घेतात?’ एवढंच त्यांना विचारा. यात उत्तर सुचवल्यासारखं काही नाही.”

आनेलीसने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग कप खाली ठेवला.

प्रश्न गेला. समुद्र, वाळवंटं, पर्वत ओलांडून त्या सावळ्या चेहऱ्यापाशी पोचला. आणि सकाळपासून प्रथमच त्या स्त्रीने मान वर केली. जणू कुणीतरी तिच्या अंगणात येऊन, चपला बाहेर काढून विचारत होतं.

“लग्नात घेतात,” ती म्हणाली. “गाण्यात गुंफून. आणि तो गेला म्हणजे घेतात, नदीकडे तोंड करून, उघडं. मधे कधी घ्यायचं नाही. मधे घेतलं, तर त्याचं आयुष्य तुटतं.” मग ती म्हणाली, “त्याला नेताना मी पाहिलं. मेलेला नाही पाहिला.”

शर्वाणीची टिपण घेणारी बोटं संगणकावर थांबली. आपण केवढं मोठं मागितलं, हे तिला आत्ता कळलं, आणि तिला रडू कोसळलं. ती बाई नाव लपवत नव्हती. ती नवऱ्याला जिवंत ठेवत होती. इतके दिवस, इतक्या रात्री, नुसत्या मिटलेल्या ओठांच्या आधारावर तिने त्याला या जगात धरून ठेवलं होतं. आणि न्याय तिला म्हणत होता, ओठ उघड.

“आज नको,” आनेलीस हळुवारपणे म्हणाली. “आपण थांबू. नको वाटलं, तर नाहीच विचारणार.”

स्त्री हसली. खरोखर हसली, वय उतरून जावं तशी. आणि गाऊ लागली. दुभाषी बाई मागोमाग सांगत गेल्या, सपाट, नियमबद्ध स्वरात, पण त्या स्वराच्या तळाशी पाणी भरत होतं: पूर आला, वेळू वाकला, पूर गेला, वेळू उभा, माझ्या दाराशी उभा कोण? आणि तिथे, गाण्याच्या शेवटी, लाजरं, नववधूचं, मेंदीच्या ओल्या हातांचं ते नाव आलं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. ते घ्यायचा हक्क तिचा.

“पुरे,” आनेलीस म्हणाली. “एवढं पुरे आहे. हे लग्नातलं आहे; यानं कुणाचं काही तुटत नाही.”

स्त्रीने हात वर केला. अजून संपलं नव्हतं.

“तुमच्या कोर्टात तो सेनापती बसलेला असेल,” ती म्हणाली. “त्याला लग्नातलं नाव कशाला ऐकवू?”

ती उठली. तिथल्या खिडकीकडे, जिकडे नदी असावी तिकडे, तिने तोंड केलं. पदर सावरला. आणि तिने नाव घेतलं. गाण्यावाचून, आडोशावाचून, मोठ्याने, उघडं. दुभाषी बाईंनी ते जसंच्या तसं उच्चारलं. ते बदलायला त्यांच्याकडे दुसरी भाषा नव्हती.

मग, हाक मारल्यावर माणूस दाराकडे पाहतं, तसं तिने मागे वळून दाराकडे पाहिलं. दाराला जाडंभरडं निळं कापड लावलेलं होतं. वाऱ्याने ते हललं. ते हलायचं थांबेपर्यंत ती पाहत राहिली. थांबल्यावरही पाहत राहिली.

कुणी आलं नाही.

ती पुन्हा येऊन खुर्चीवर बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि शर्वाणीकडे पाहत, शांत, कोरड्या, स्वच्छ आवाजात म्हणाली, “आता लिही, बाळ.”