गणपत तांडेलाची अर्धी दाढी

"मान वाजव मरे एकदा," गणपत तांडेल म्हणाला. "गुरवारपासून ठणकता. तुझ्या हातान मोकळी होयत."

त्याचा उजवा गाल करून झाला होता, डाव्याला साबण लावला होता. मालवणच्या बाजारात माझी एक खुर्ची नि एक आरसा. दाढी झाली की एका हातात हनुवटी, दुसऱ्यात डोकं धरून मी मानेला असा हिसका द्यायचो की कट्ट आवाज शेजारच्या भुसारी दुकानात जायचा. बढाई मारत नाही, पण लोक देवबागहून माझ्याकडे यायचे ते वस्तऱ्यासाठी नव्हे, त्या आवाजासाठी. साल चौसष्ट. समोर पंखा आणि रेडिओवालं सलून उघडलं होतं. माझ्याकडे फक्त हा हिसका होता.

मी त्याचं डोकं दाराच्या उजेडाकडे वळवलं आणि थांबलो.

"गण्या, तुझो डावो डोळो बारीक कित्या दिसता रे?"

"झोप नाय. त्याच डोळ्याच्या मागसून सणक येता."

चाळीस वर्षं मी माणसांचे चेहरे वीतभर अंतरावरून बघतोय. झोप न झालेला डोळा मला कळतो, प्यायलेला त्याहून आधी कळतो. हा तसा नव्हता. डावी पापणी खाली आलेली. उजव्या डोळ्यातली बाहुली मिरीएवढी, डाव्यातली मोहरीएवढी. गुरुवारी त्याच्या मानेला हिसका मीच दिला होता. पुढचं कळायला शाळा लागत नाही.

मी साबण पुसला. "उठ. दवाखान्यात जावया."

"अर्ध्या दाढयेन? लोक हसतले."

"हसांदेत."

वाटभर मला भीती वाटत होती. त्याच्यासाठी म्हणाल तर हो, आणि माझ्या धंद्यासाठीही. खोटं कशाला बोलू?

डॉक्टर आगाशे वर्षभरापूर्वी पुण्याहून आलेले, तरुण. त्यांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिली. "मानेला काही लागलं होतं का? पडलात? होडी ओढताना हिसका बसला?"

"नाय," गणपत म्हणाला.

"आठवून बघा."

"काय एक नाय."

डॉक्टर औषधाचे थेंब लिहू लागले. चार दिवसांनी या म्हणाले. मी गणपतकडे पाहिलं, तर तो भिंतीकडे बघत बसलेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्याला सगळं ठाऊक आहे. दुखणं हिसक्यापासूनचं, हे गुरुवारपासून ठाऊक आहे; पुन्हा वाजवली की सुटेल, एवढाच त्याचा भरवसा. माझं नाव नको म्हणून मेला तोंड शिवून बसलाय. मला इतका राग आला त्याचा, आणि रडूही आलं.

"डॉक्टरसाहेब, हिसका मी दिला," मी म्हणालो. "गुरुवारी. दाढी झाल्यावर. मान कट्ट वाजली."

"तुका कोणी विचारल्यान?" गणपत डाफरला.

डॉक्टरांनी लिहिलेला कागद फाडला. मला ओरडले नाहीत. म्हणाले, "मेंदूला रक्त नेणारी मोठी शीर मानेतून जाते. हिसक्याने तिचं आतलं अस्तर फाटलं असावं. पापणीच्या आणि बाहुलीच्या नसा तिला लागूनच असतात, म्हणून डोळा असा झाला. तिथे गुठळी होऊन वर गेली तर एक अंग लुळं पडेल. हे मी वाचलंय, पाहिलेलं नाही. खात्री मुंबईलाच होईल. तोवर मान हलवायची नाही."

"अजून एकदा हिसको दिल्यार?" मी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि मुंबईच्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहायला घेतली.

दुसऱ्या दिवशी त्याच्याच होडीवरच्या खलाशांनी त्याला खाटेवर घालून आगबोटीपर्यंत नेलं. मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि तोंडावर अर्धी दाढी. त्याच्या बायकोला, राधाबाईला, मी स्वतःच सगळं सांगितलं. तिने आधी त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "तुमी सांगितलास म्हणान कळला, भावजी," आणि आगबोटीकडे नेणाऱ्या होडीत बसली.

मुंबईत त्याच्या मानेत सुईने औषध सोडून फोटो काढला. शीर फाटलेलीच होती. रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं दिली. अडीच महिन्यांनी गणपत आपल्या पायांनी बोटीवरून उतरला. पापणी तेवढी जराशी खाली राहिली.

इकडे बाजारभर झालंच होतं, कारण मीच सांगत होतो. जो बसेल तो हिसका मागायचा, मग कारण सांगावंच लागे. निम्मी गिऱ्हाइकं पंख्याखाली गेली. हौसा, माझी बायको, म्हणाली, "जांवदे. दोन माणसांका कितीसा लागता?" तेही खरंच.

गणपत दुकानात आला तो तोंडावर जंगल वाढवून. "मुंबयच्या न्हाव्याक हात लावूक दिलंय नाय," म्हणाला. "रवलेली बाजू आधी कर."

मी डावा गाल आधी केला, मग उजवा. तोंड पुसलं. सवयीने त्याने डोळे मिटले आणि डोकं माझ्या तळव्यांत सैल सोडून दिलं. मी ते तसंच सरळ धरून उभा राहिलो. मग मानेवर ऊन पाण्यात पिळलेला पंचा ठेवला.

"झाला. उठ आता."

"बसांदे मरे जरा," गणपत म्हणाला. डोळे काही उघडले नाहीत त्याने.